फोनच्या स्क्रीनमध्ये इरिडियम कशाला? आणि निळाच आधी का जातो?

नवीपेठ_रिपेअर
नमस्कार मंडळी. माझं नवी पेठेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. उन्हाळा लागला की ओएलईडी स्क्रीनची गिऱ्हाइकं वाढतात. ज्यांचा फोन दिवसभर गाडीच्या डॅशबोर्डवर मॅप लावून उन्हात बसलेला असतो, त्यांच्या स्क्रीनवर मॅपची पट्टी कायमची उमटते आणि तेवढी जागा पिवळट दिसते. पांढऱ्यातला निळा कमी झाला की पिवळट दिसणारच, इतकं मला कळतं. पण निळाच आधी का दमतो?

दुसरं असं की माझा भाचा एम.एस्सी. रसायनशास्त्राला आहे. प्रकल्पासाठी त्याच्यासमोर विषय आलाय : ओएलईडी सुधारण्यासाठी ऑर्गनोमेटॅलिक संयुगं. तो म्हणतो, स्क्रीनमध्ये इरिडियम असतं. मी ढिगाने पॅनल उघडलेत, मला धातू म्हणून फ्लेक्स आणि कनेक्टरच दिसले. उजेड सेंद्रिय पदार्थातून येतो म्हणतात, मग त्यात असला महागडा धातू कशाला घालायचा? आणि सोलापुरात बसून पोराने यात नेमकं काय करावं? जाणकारांनी सांगा.

कडक_भाकरी
मालक, इरिडियम निघत असेल तर जुने पॅनल भंगारात घालू नका. माझ्याकडे पाठवा. रिक्षाभाडं मी देतो.

अणुरेणू
प्रश्न चांगला आहे, जरा सविस्तर लिहितो.

ओएलईडीला वीज दिली की एका बाजूने इलेक्ट्रॉन येतो, दुसऱ्या बाजूने होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. दोघं एका रेणूवर भेटले की तो रेणू उत्तेजित होतो आणि पूर्वपदावर येताना प्रकाश सोडतो. गोची स्पिनची आहे. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा एक अंगभूत गुण, तो वर किंवा खाली असा दोनच तऱ्हांचा. दोन स्पिन एकत्र यायच्या चार तऱ्हा. त्यातली एक सिंगलेट, उरलेल्या तीन ट्रिपलेट. साध्या सेंद्रिय रेणूत फक्त सिंगलेटच प्रकाश देते. ट्रिपलेटला खाली यायचं तर स्पिन उलटा व्हावा लागतो, आणि क्वांटमचे नियम ते सहजासहजी होऊ देत नाहीत. ती ऊर्जा मग उष्णता होऊन जाते. शंभर जोड्यांतल्या पंचाहत्तर वाया.

१९८७ मध्ये कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दहा व्होल्टच्या आत चालणारा, दोन पातळ थरांचा दिवा केला. आजच्या ओएलईडीचा तो पूर्वज. त्याची बाह्य कार्यक्षमता, म्हणजे शंभर जोड्यांमागे प्रत्यक्ष दिव्याबाहेर पडणारा प्रकाश, जेमतेम १ टक्का होती. पुढे थर सुधारले, इलेक्ट्रोड सुधारले, पण २५ टक्क्यांची ती भिंत कायम राहिली.

ती फोडली जड धातूने. इरिडियमचा अणुक्रमांक ७७, प्लॅटिनमचा ७८. एवढ्या जड केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षेतली गती एकमेकांत गुंतते. याला स्पिन-ऑर्बिट कपलिंग म्हणतात. त्यामुळे सिंगलेट आणि ट्रिपलेटची सरमिसळ होते, बंदी सैल पडते आणि ट्रिपलेटही प्रकाश देऊ लागते. शिवाय सिंगलेटही झटकन ट्रिपलेटमध्ये उतरतात. म्हणजे चारही तऱ्हा कामाला लागतात.

शेंगाचटणी
सर, म्हणजे एसटी स्टँडवर चार उतारू उभे, तिघांच्या हातात रद्द झालेल्या गाडीचं तिकीट, आणि इरिडियम म्हणजे त्याच तिकिटावर त्यांना दुसऱ्या गाडीत बसवणारा कंट्रोलर. बरोबर का?

अणुरेणू
@शेंगाचटणी, चालेल. फक्त कंट्रोलर वजनदार हवा.

शेंगाचटणी
त्याची कमतरता नाही.

शंकेखोर
एक खटकतंय. टँग-व्हॅन स्लाइकच्या दिव्यात चमकणारा पदार्थ एएलक्यू-थ्री होता. त्यात ॲल्युमिनियम आहे की! धातू तर तेव्हाही होता. मग २५ टक्क्यांची भिंत तेव्हाच का नाही फुटली?

केगाव_ते_पाषाण
@शंकेखोर, ॲल्युमिनियमचा अणुक्रमांक १३. स्पिन-ऑर्बिट कपलिंग अणुक्रमांकाबरोबर फार वेगाने वाढतं, त्यामुळे तिथे १३ ला कोणी विचारत नाही. एएलक्यू-थ्रीमधला ॲल्युमिनियम तीन क्विनोलिनोल रेणूंना धरून ठेवतो, प्रकाश त्या रेणूंचाच असतो.

पण नुसतं जड असूनही भागत नाही. १९९८ मध्ये प्रिन्स्टनचे स्टीफन फॉरेस्ट आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मार्क थॉम्पसन यांच्या गटाने 'नेचर'मध्ये प्लॅटिनम पॉर्फिरिनचा लाल दिवा दाखवला. बाह्य कार्यक्षमता ४ टक्के, आतली २३. ट्रिपलेटचा प्रकाश वापरता येतो हे त्यातून पक्कं झालं. मात्र त्या रेणूची ट्रिपलेट शंभर मायक्रोसेकंदांच्या आसपास रेंगाळायची. ब्राइटनेस वाढवला की ट्रिपलेटची गर्दी व्हायची, एकमेकींवर आपटून विझायच्या. पुढच्याच वर्षी त्यांनी आयआर-पीपीवाय-थ्री वापरलं : मध्ये इरिडियम, भोवती तीन फेनिलपिरिडीन. हा रेणू एक-दोन मायक्रोसेकंदांत प्रकाश देऊन मोकळा होतो. हिरवा रंग, ८ टक्के बाह्य कार्यक्षमता. २००१ मध्ये त्याच्याच भावंडाने १९ टक्के गाठले, म्हणजे आत सुमारे ८७ टक्के. (आतला बराचसा प्रकाश काच आणि थरांतच अडकतो, म्हणून बाहेरचा आकडा एवढा लहान. ते दुखणं वेगळं, त्यावर रसायनवाल्यांचा फार इलाज चालत नाही.)

आता ऑर्गनोमेटॅलिक का, तर यात इरिडियम थेट कार्बनला जोडलेलं असतं. धातू-कार्बन बंध लिगंडला, म्हणजे धातूभोवतीच्या सेंद्रिय रेणूला, घट्ट धरतो आणि धातूच्या स्वतःच्या डी-डी अवस्थांना ऊर्जेत खूप वर ढकलतो. या डी-डी अवस्था म्हणजे चोरवाटा. उत्तेजित रेणू तिथे पोचला की प्रकाश न देताच खाली येतो. वाट जितकी उंचावर तितकी गळती कमी. जड केंद्रक आणि मजबूत कार्बन बंध, ही जोडी जमली म्हणून इरिडियम.

नवीपेठ_रिपेअर
ताई, हे लिहून घेतलं. भाच्याला दाखवतो. तो सध्या "मामा तुम्हाला नाही कळायचं" एवढंच बोलायलाय.

माग_मास्तर
मी उभा जन्म रंगखात्यात काढला. चादरी, टॉवेल, सगळं रंगवलं. वडील मंजिष्ठाच्या गोष्टी सांगायचे. त्याच मुळाचा काढा, सुताला फिटकरी धरवली की लाल चढतो आणि लोखंडाचं मीठ धरवलं की जांभळट काळा. तिथेही धातूच रंगाला पकडतो ना? मग फोनमध्ये तीन रंगांसाठी तीन धातू घालतात का?

केगाव_ते_पाषाण
मास्तर, तुमच्या हंड्यातही धातू आणि सेंद्रिय रेणूचं संयुगच बनत होतं, फक्त तिथे ते प्रकाश शोषायचं काम करतं. फोनमध्ये उलटं चालतं : धातू बहुधा इरिडियमच ठेवायचा आणि भोवतीचा लिगंड बदलायचा. फेनिलपिरिडीन लावलं की हिरवा, ५१० नॅनोमीटरच्या आसपास. त्याऐवजी फेनिल-आयसोक्विनोलिन लावलं, म्हणजे एक कडं जास्त जोडलं, की ऊर्जा उतरते आणि ६२० जवळचा लाल मिळतो. फेनिलच्या कड्यावर दोन फ्लोरीन बसवले आणि तिसरा लिगंड पिकोलिनेट घेतला की आकाशी निळा, ४७० च्या आसपास. त्याला फिरपिक म्हणतात.

माग_मास्तर
म्हणजे निळा जमला की. मग तक्रार काय?

केगाव_ते_पाषाण
जमला, पण तो आकाशी. स्क्रीनला लागतो गडद निळा. आणि हे फिरपिक दिव्यात फार टिकत नाही. आता मूळ प्रश्नाकडे येते, @नवीपेठ_रिपेअर.

निळ्याच्या फोटॉनमध्ये ऊर्जाच जास्त. निळं इरिडियम संयुग उत्तेजित झालं की त्याची ट्रिपलेट साधारण २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर असते. वर सांगितलेल्या चोरवाटा मग फार दूर राहत नाहीत, खोलीच्या उष्णतेनेही तिथे पोचता येतं. तिथे पोचलेल्या रेणूत धातू-लिगंड बंध ताणला जातो, कधी सुटतो, आणि सुटलेला रेणू परत नीट जुळला नाही तर तो कायमचा बाद. त्यात भर म्हणजे दोन ट्रिपलेट भिडल्या, किंवा ट्रिपलेट एखाद्या चालत्या विद्युतभाराला भिडली, की दोघांची ऊर्जा एकावर जमा होते. २.७ आणि २.७ म्हणजे ५ च्या वर. एवढ्या ऊर्जेत सेंद्रिय रेणूतला कार्बन-नायट्रोजन बंध सहज तुटतो. तुटका रेणू पुढे इतरांचाही प्रकाश खातो. लाल-हिरव्यात हीच बेरीज लहान असते, म्हणून ते तग धरतात.

शंकेखोर
थांबा. माझ्या वाचनाप्रमाणे बहुतेक फोनमध्ये लाल-हिरवा इरिडियमचा, पण निळा अजूनही जुना फ्लुरोसंट, म्हणजे फक्त सिंगलेटचा प्रकाश देणारा, बिनधातूचा. मग मालकांच्या गिऱ्हाइकांचा निळा मरतोय त्याचं पाप इरिडियमच्या माथी कसं?

केगाव_ते_पाषाण
इरिडियमच्या माथी नाहीच. फॉस्फोरेसंट, म्हणजे ट्रिपलेटचा प्रकाश देणारा, निळा टिकाऊ मिळत नाही, म्हणून निळ्यापुरतं फ्लुरोसंट वापरत राहावं लागलं. त्यात दोन ट्रिपलेट एकत्र येऊन एक सिंगलेट होण्याची युक्ती आहे. त्याने कमाल मर्यादा २५ वरून ६२.५ टक्क्यांपर्यंत जाते, १०० पर्यंत नाही. म्हणून तेवढ्याच उजेडाला निळ्यातून जास्त करंट सोडावा लागतो आणि तो लवकर झिजतो. मालक, तुमच्याकडे सूक्ष्मदर्शक असेल तर बघा, बऱ्याच पॅनलमध्ये निळा ठिपका हिरव्यापेक्षा मोठा असतो. करंट जास्त जागेत विभागून झीज कमी करायची, एवढाच तो उपाय.

नवीपेठ_रिपेअर
आहे ना, बोर्ड दुरुस्तीचा आहे. आत्ताच एक स्क्रीन चालू करून खाली ठेवला. खरंच निळा मोठा आहे! इतकी वर्षं बघतोय, कधी विचारच केला नव्हता का म्हणून.

आणि उन्हाचं काय? फोन डॅशबोर्डवर असला की ब्राइटनेस आपोआप फुल होतो.

अणुरेणू
तेच तर. बाहेर ४४ अंश, काचेमागे त्याहून कितीतरी जास्त, वर करंट फुल. ओएलईडीची झीज करंटनेही वाढते आणि तापमानानेही. दोन्ही एकदम लावले की मॅपची पट्टी उमटणारच. मॅप डार्क मोडवर ठेवायला सांगा गिऱ्हाइकांना. काळ्या ठिपक्यातून करंट जात नाही, तो झिजत नाही.

कडक_भाकरी
सोलापुरात राहायचं तर फोनलाही दुपारी एक ते चार झोप पाहिजे बे.

होटगीरोड
भंगारवाल्यांसाठी हिशेब करून बघितला. स्क्रीन १०० चौरस सेंटिमीटर धरा. प्रकाश देणारा थर ३० नॅनोमीटर जाड. आकारमान झालं ०.३ घनमिलिमीटर, वजन साधारण ०.३६ मिलिग्रॅम. त्यात इरिडियम संयुग ८ टक्के, कारण ते यजमान पदार्थात विरळ मिसळावं लागतं, दाटी झाली की एकमेकांना विझवतात. म्हणजे ०.०३ मिलिग्रॅम. त्या संयुगात इरिडियम वजनाने २९ टक्के. हाती आले ८ मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम जमवायला सव्वा लाख पॅनल! आणि हे सगळी स्क्रीन हिरव्या ठिपक्यांनी भरलेली धरून. खऱ्यात ठिपके थोड्याच जागेत असतात, निळ्यात तर इरिडियम नाहीच, म्हणजे आणखी कितीतरी पॅनल लागतील.

कडक_भाकरी
रिक्षाभाड्याची ऑफर मागे घेतोय.

शंकेखोर
हिशेब छान. पण तो स्क्रीनवर पोचलेल्या मालाचा झाला. निर्वात भांड्यात पदार्थ तापवून वाफ काचेवर बसवतात, तेव्हा बरीच वाफ मास्कवर (ठिपक्यांच्या जागा सोडणाऱ्या जाळीवर) आणि भांड्याच्या भिंतींवर बसते. कारखान्याला माल त्यापेक्षा पुष्कळ जास्त लागतो. इरिडियम मुळात दुर्मिळ, मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत प्लॅटिनम काढताना जोडीला निघतं. जगाचं वर्षाचं उत्पादन काही टनांत.

आणि माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. २०१२ मध्ये जपानमधल्या क्युशू विद्यापीठाच्या चिहाया अदाची यांच्या गटाने धातूशिवाय काम करून दाखवलंय. सिंगलेट आणि ट्रिपलेट ऊर्जेत इतके जवळ आणायचे की खोलीच्या उष्णतेनेच ट्रिपलेट वर चढून सिंगलेट होईल. टीएडीएफ म्हणतात त्याला. आतली कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या जवळ, धातू शून्य. मग पोराला धातूच्या मागे कशाला लावायचं? उद्या सगळं बिनधातूचंच होणार.

अणुरेणू
"उद्या" हा शब्द २०१२ पासून ऐकतोय, साहेब. टीएडीएफ रेणूंचा रंग सहसा पसरट असतो, स्क्रीनला तो टोकदार लागतो. ट्रिपलेटची ये-जा संथ असली की जास्त ब्राइटनेसला कार्यक्षमता घसरते. आणि टिकाऊ निळा त्यांनाही सहज सुटलेला नाही.

केगाव_ते_पाषाण
मला हे भांडण धातू विरुद्ध बिनधातू असं वाटतच नाही. एक वाट अशी आहे की धातूच्या संयुगाने ट्रिपलेट गोळा करायच्या आणि स्वतः प्रकाश न देता ती ऊर्जा शेजारच्या टोकदार रंगाच्या फ्लुरोसंट रेणूला द्यायची. धातूवरची उत्तेजित अवस्था लवकर रिकामी होते, म्हणून तो कमी झिजतो. गंमत म्हणजे टीएडीएफची युक्ती धातूच्या संयुगांतही चालते. तांब्यात तर ती फारच नीट दिसते. आणि तांबं स्वस्त.

भाचा_स्वतः
मामा!! तुम्ही माझा प्रकल्प इथे टाकलात? वर्गातल्या पोराने लिंक पाठवली.

असो, आता विचारतोच. आमचे सर पण तांबंच म्हणतायत, इरिडियम क्लोराइडच्या एका छोट्या बाटलीत आमचं वर्षाचं बजेट जाईल म्हणून. पण मला इरिडियमच करायचं होतं. तांब्यात दम आहे का? आणि आमच्याकडे निर्वात बाष्पीभवनाचं यंत्र नाही.

शेंगाचटणी
आला, आला, हिरो आला.

केगाव_ते_पाषाण
@भाचा, इरिडियमचा मोह मला कळतो. इरिडियम क्लोराइड आणि फेनिलपिरिडीन एथॉक्सीइथेनॉल-पाण्यात रात्रभर रिफ्लक्सला (वाफ परत भांड्यात पाडत उकळत) ठेवायचं, सकाळी पिवळा गाळ. हा क्लोरीनने जोडलेला डायमर, म्हणजे दोन इरिडियमची जोडी. त्यात ॲसिटिलॲसिटोन आणि सोडियम कार्बोनेट घालून पुन्हा तापवायचं, मग कॉलममधून गाळून शुद्ध करायचं. अतिनील दिव्याखाली टेस्ट ट्यूब धरली की हिरवी चमक बघून माणूस वेडाच होतो. त्यात नायट्रोजनचे बुडबुडे सोडले की चमक आणखी वाढते, कारण हवेतला ऑक्सिजन ट्रिपलेट विझवत असतो. पण या वाटेवर हजारो लोक चालून गेलेत. नवीन काय करणार?

तांब्यात प्रश्न शिल्लक आहेत. तांबं-एक (एक इलेक्ट्रॉन गमावलेलं तांबं) उत्तेजित झालं की तांबं-दोनसारखं (दोन गमावलेल्यासारखं) वागायला लागतं, आणि त्याला चौफळी, म्हणजे चार बाजूंनी उभ्या आकाराऐवजी सपाट व्हायचं असतं. रेणू चपटा होताना ऊर्जा वाया जाते, रंग लालकडे सरकतो, चमक मरते. उपाय म्हणजे त्याला चपटं होऊच द्यायचं नाही. फेनॅन्थ्रोलिन या लिगंडच्या २ आणि ९ या जागांवर मिथिल किंवा त्याहून मोठे गट बसवायचे आणि दुसऱ्या बाजूने रुंद फॉस्फिन (फॉस्फरसने धातूला धरणारा लिगंड) लावायचं. गट बदलत जाऊन चमक किती बदलते ते मोजायचं. एका एम.एस्सी. प्रकल्पाला एवढं भरपूर आहे.

शंकेखोर
पण तांब्याची असली संयुगं आयनिक असतात. तापवली तर वाफ होण्याऐवजी कुजतील. त्यांचा दिवा कसा करणार?

केगाव_ते_पाषाण
बरोबर बोललात. पण त्यांच्यासाठी बाष्पीभवन लागतही नाही. आयनिक संयुग द्रावणातून आयटीओ काचेवर (पारदर्शक, वीज वाहणारा थर दिलेल्या काचेवर) गरगर फिरवून पसरायचं, वर ॲल्युमिनियमचा इलेक्ट्रोड. वीज दिली की आयन स्वतःच इलेक्ट्रोडकडे सरकून विद्युतभाराची वाट सोपी करतात. लाइट-एमिटिंग इलेक्ट्रोकेमिकल सेल म्हणतात. ओएलईडीपेक्षा साधा, आयन सरकेपर्यंत उजेडाला वेळ लागतो आणि आयुष्य कमी. वरच्या इलेक्ट्रोडसाठी मात्र कुठल्यातरी भौतिकशास्त्र विभागाचं कोटिंग यंत्र मागावं लागेल.

माझा सल्ला, प्रस्तावात दिवा लिहूच नका. संयुग, स्फटिक रचना, द्रावणातला आणि पावडरीतला प्रकाश, तापमान कमी-जास्त केल्यावर होणारा बदल एवढं लिहा. थंड केल्यावर प्रकाशाचं आयुष्य एकदम लांबलं तर टीएडीएफचा तो चांगला पुरावा. दिवा झालाच तर वरची कमाई.

अणुरेणू
पावडर म्हणालात ते महत्त्वाचं. तांब्याच्या संयुगांना पावडरीत चपटं व्हायला जागा नसते, म्हणून ती द्रावणापेक्षा तिथे जास्त चमकतात. दोन्हीकडे मोजलंस तर तुझा मुद्दा आपोआप सिद्ध होतो बघ. आणि रेणूचं गणित ऑर्का नावाच्या सॉफ्टवेअरवर करता येतं, शैक्षणिक वापराला फुकट आहे.

माग_मास्तर
बाळा, तांब्याचं मीठ हाताळताना हातमोजे घाल. आमच्या वेळी कोणी घालत नव्हतं.

भाचा_स्वतः
घालतो आजोबा. ताई, सर, खूप आभार. उद्या सरांना २ आणि ९ या जागांचं सांगतो. मामा, यापुढे मला विचारून पोस्ट टाका.

नवीपेठ_रिपेअर
विचारलं असतं तर तू "नको" म्हणाला असतास, आणि मला निळा ठिपका मोठा का ते कळलं नसतं.

गड्ड्याचा_पाळणा
उशिरा आलो. सगळा धागा वाचला, निम्मा डोक्यावरून गेला. माझ्या फोनवर उभी हिरवी रेष आलीये, वरपासून खालपर्यंत. हे इरिडियम उडाल्यामुळे का? हिरव्यात इरिडियम असतं म्हणालात ना?

नवीपेठ_रिपेअर
नाही मालक. पदार्थ झिजला तर ती जागा मंद होते, अशी चकाकत नाही. तुमचा एक आख्खा कॉलम सतत चालू राहिलाय, म्हणजे पॅनलच्या कडेला फ्लेक्सची जोडणी किंवा ड्रायव्हर गेलाय. फोन पडला होता का, की उन्हात तापला होता?

गड्ड्याचा_पाळणा
दोन्ही.